मी निवेदक आणि आमचं नसलेलं मिठागर

आमच्या घरी डॉक्युमेंट्री बघत नाहीत, पकडतात.

संध्याकाळचा चहा झाला की बाबा टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसतात, आई भाजी निवडायला घेते आणि पडद्यावर जो कोणी निवेदक येईल त्याची सुनावणी सुरू होते. जंगलात कुजबुजत चालणारा आला की बाबा म्हणतात, “यो हळू बोलतो, वाघ उठंल म्हनून. आनि कॅमेरावाला याच्या पुढं उलटा चालतोय, त्याच्या पायाखाली पाचोळा नाय वाजत?” किल्ल्यांचा इतिहास सांगणारा दोन्ही हात पसरून तटावरून येऊ लागला की, “बघ! समोरून चालत येतो, बोलत येतो, पन पोचत कदीच नाय!” गावोगावी लोकांच्या घरी जेवणारी एक निवेदिका आहे. पहिला घास घेतला की ती डोळे मिटते. तिच्यावर आईचा दात आहे. “काट्याची मासली डोले मिटून खाते! घशात अडकंल ना! म्हंजे ती खातच नाय, नुस्ता तोंड हलवते.”

माझी बायको वैशाली मूळची साताऱ्याकडची, खांदा कॉलनीत वाढलेली, नोकरदारांच्या घरातली. लग्न होऊन कामोठ्यात आमच्याकडे आली तेव्हा तिला वाटलं, ही माणसं गंमत करतात. आता तीच म्हणते, “बाबा, ह्याचा आवाज आणि ओठ जुळत नाहीत हं. आत दुसराच कुणीतरी बोलतोय.” बाबा खूश! सून घरात रुळली.

निवेदकांच्या बाजूने उभा राहणारा या घरात मी एकटा. त्याला कारण आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. आमच्या कुळातला पहिला पदवीधर मी; आईने माझी पदवी फ्रेम करून देव्हाऱ्याच्या वर लावली आहे. (देवांची यावर अजून हरकत आलेली नाही.) पण कॉलेजात गेलो तेव्हा चार मुलांत तोंड उघडायची लाज वाटायची. थांबायचं कुठे, श्वास कधी घ्यायचा, ‘आणि मग... एके दिवशी...’ असं म्हणून समोरच्याला टांगून कसं ठेवायचं, हे सगळं मला टीव्हीवरच्या निवेदकांनी शिकवलं. आज मी क्लासमध्ये इतिहास-भूगोल शिकवतो ते याच भांडवलावर. मुलं म्हणतात, सर शिकवायला लागले की मागे संगीत वाजतंय असं वाटतं. (हे कौतुक आहे असं मी धरून चाललो आहे.)

तर त्याच क्लासमधल्या एका मुलीची मावशी माहितीपट बनवते. केतकी मॅडम. त्यांना बंद पडलेल्या व्यवसायांवर मालिका करायची होती आणि तिच्यासाठी ‘इथलाच, शिकलेला, पण चकचकीत नसलेला’ निवेदक हवा होता. तिसरी अट मी बघताक्षणीच पूर्ण केली. नमुन्यादाखल एक भाग करायचा, तो वाहिनीला दाखवायचा आणि पसंत पडला तर अख्खी मालिका माझी! इतकी वर्षं ज्यांच्या तोंडाकडे बघत शिकलो, त्यांच्या पंक्तीत मी!

“पहिला विषय मिठागरं,” मॅडम म्हणाल्या. “तुमचे वडील मिठागरात होते ना?”

“होते म्हणजे? उमेदीची वर्षं गेली त्यांची तिथे! तासभर बोलतील.”

हे मी बोललो. कुणी बळजबरी केली नव्हती.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आमच्याकडे गंभीर गोष्टीची हीच खूण.

“आनि हे बघनार कोन?”

“सगळे बघणार, बाबा!”

“सगळे म्हंजे? सरकारी हापिसातलेपन?”

“तेही बघणार! मोठमोठे साहेब बघणार!” मी छाती फुगवून म्हणालो.

बाबा “बरं” म्हणाले आणि आवाज पुन्हा वाढवला. त्या ‘बरं’मध्ये काय होतं हे कळायला पदवी पुरली नाही.

शूटिंगच्या दिवशी सकाळीच मॅडम, कॅमेरामन आणि दोन मोठाले दिवे आमच्या दारात आले. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू जिन्यात जागा धरून बसले.

“सर, तुम्ही या घरात पहिल्यांदाच येताय असं करू,” मॅडम म्हणाल्या. “बेल वाजवा, तुमच्या आई दार उघडतील, तुम्ही नमस्कार करा.”

मी बेल वाजवली. आतून आई ओरडली, “दार उघडा हाय, बेल कशाला वाजवतोस? हात मोडले काय?”

कट! मॅडमनी आत जाऊन समजावलं, “मावशी, हा तुमचा मुलगा नाही असं समजा. कुणीतरी अनोळखी माणूस आहे.”

मी पुन्हा बेल वाजवली. या वेळी दार बोटभर उघडलं. मधे साखळी. फटीतून आईचा एक डोळा.

“कोन पायजे?”

मी हात जोडले, आवाज खोल केला. “नमस्कार! मी एक प्रवासी. या मातीच्या शोधात आलो आहे.”

“आमाला काय घ्याचा नाय,” आई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

जिन्यातून टाळ्या पडल्या! मॅडमनी आईला परत समजावलं की अनोळखी, पण पाहुणा. पाहुणा म्हटल्याबरोबर आईने गूळपाणी आणलं. ते मी प्यायलो. दिवा हलला म्हणून पुन्हा घेतलं, पुन्हा गूळपाणी. बाहेर रिक्षा वाजली, पुन्हा गूळपाणी. “आई, नुसतं प्यायल्यासारखं करू का?” मी कुजबुजलो. “दारातला पाहुना पानी न पिता गेलेला मला चालनार नाय,” ती म्हणाली आणि मी संपवेपर्यंत समोर उभी राहिली. घरात शिरायला मिळालं तेव्हा माझ्या पोटातून भरतीचा आवाज येत होता.

आता बाबांची मुलाखत. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे बसले होते. मॅडमनी खूण केली. मी निवेदकासारखा किंचित पुढे झुकलो.

“काका, (बाबांना काका म्हणायचं ठरलं होतं) तुमचं मिठागर नेमकं कुठे होतं?”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. “तुला ठाऊक नाय?”

“प्रेक्षकांना सांगा ना.”

“प्रेक्षकांना कशाला पायजे?”

“काका, त्यांना जाणून घ्यायचंय. केवढं होतं? हद्द कुठपर्यंत होती?”

बाबांचा चेहरा बंद झाला. म्हणजे डोळे उघडे, पण दुकान बंद. “व्हता जरासा. खाडीकडं,” ते म्हणाले.

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं आणि मॅडम म्हणाल्या, “आवाज खराब झाला. काका, तेच पुन्हा एकदा सांगा.”

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडच्या ज्या लोकांच्या जमिनी शहर वसवायला गेल्या, त्यांनी सुनावण्यांत हयात काढली आहे. साहेब विचारायचा, जमीन कुठे, हद्द कुठे, कसत कोण होतं. उत्तर लिहून घ्यायचा, आणि थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारायचा. यावरून गावात एक शहाणपण तयार झालं: दुसऱ्यांदा विचारलं की समजायचं, पहिलं उत्तर आपल्याला महागात पडणार! बाबांना गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या प्लॉटची फाइल अजून कुठल्यातरी टेबलावर आहे. आणि मी त्यांच्यासमोर तेजस्वी दिवा लावून हद्द विचारत होतो. वर मोठमोठे साहेब बघणार हे स्वतःच सांगून बसलो होतो!

“काका, मिठागर कुठे होतं?” मी पुन्हा विचारलं.

“आमचा नव्हता. शेजाऱ्याचा व्हता.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी हसून घेतलं. “काका गंमत करतायत. पण मीठ तर पिकवायचात ना?”

“मीठ आमी दुकानातून आनतो. पिशवीतला. आयोडीनवाला.”

मला घाम फुटला. मालिका डोळ्यांदेखत विरघळत होती. मग मी माझ्या सगळ्या गुरूंना स्मरून ठेवणीतला डाव काढला. खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली आणला, बाबांचा हात हातात घेतला आणि तळव्यावरच्या घट्ट्यांवरून बोट फिरवलं. “आणि हे घट्टे, काका? फावडं ओढून ओढून पडलेले हे घट्टे... काय सांगतात?”

बाबांनी हात काढून घेतला. “क्रिकेट,” ते म्हणाले.

“क्रिकेट?”

“बॅटिंग करायचो.”

ज्या माणसाने आयुष्यात बॅटने फक्त घूस मारली होती, त्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं की जिन्यातले भाडेकरू आदराने बघायला लागले. “कितव्या नंबरला यायचे हो?” एकाने विचारलंसुद्धा. “ओपनिंग,” बाबा म्हणाले.

“मुलाखत नको,” मॅडम हळूच म्हणाल्या. “सर, तुम्हीच बाहेर उभं राहून काहीतरी मनापासून बोला.”

मनापासून! तेच तर माझं खातं. अंगणात गेलो. कोपऱ्यात मातीचा ढीग होता. गुडघा टेकला, मूठभर माती उचलली, नाकाजवळ नेली आणि (होय, हेही मीच केलं) डोळे मिटले. “हा वास... या मातीत माझ्या पूर्वजांचा घाम आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मिठाचा हा दर्प...”

“अरे नरेश, नाकाला लावू नको!” आई खिडकीतून किंचाळली. “मोगऱ्यासाठी नर्सरीतून आनली ती! शेनखत हाय त्यात!”

मॅडम “कट” म्हणाल्या नाहीत. त्यांना हसताना बोलता येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. वैशालीने स्पीकर लावला आणि सगळं घर भोवती जमलं.

“सर, वाहिनीवाल्यांनी नमुना बघितला,” मॅडम चाचरत म्हणाल्या. “त्यांना काका फार आवडले. म्हणाले, किती प्रामाणिक माणूस! एक शब्द बनावट नाही. त्यांच्या क्रिकेटवर वेगळं काही करता येईल का, असंही विचारत होते.”

“आणि मी?”

“तुमच्याबद्दल ते म्हणाले...” मॅडम थांबल्या. “म्हणाले, निवेदकावर विश्वास बसत नाही. हा माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं.”

त्या संबंध चित्रीकरणात खरं बोलणारा एकटा मी होतो! मिठागर आमचंच होतं! पूर्वजांचा घामही खरा होता. फक्त त्या मातीत नव्हता!

आईने माझ्यापुढे चहा ठेवला. टीव्ही चालू होता, किल्ल्यावरचा तो निवेदक चालत येत होता, आणि आश्चर्य म्हणजे त्याला कुणीही काही म्हटलं नाही. थोड्या वेळाने बाबांनी टीव्ही बंदच केला.

“चल,” ते म्हणाले.

स्कूटरवर माझ्या मागे बसून, वाट दाखवत त्यांनी मला खाडीकडे नेलं. जिथे थांबवलं तिथे समोर एका टॉवरची भिंत होती आणि बाजूला थोडी दलदल उरलेली. बाबा त्या भिंतीकडे बोट करून बोलायला लागले. मी एकही प्रश्न विचारला नाही. वाफ्याचा तळ कसा अनवाणी पायांनी तुडवून गुळगुळीत करायचे. दुपारच्या उन्हात पाण्यावर साय धरावी तसं मीठ कसं धरायचं आणि ती साय बघून पोटात कसं गार वाटायचं. टाचांच्या भेगांत मीठ गेलं की रडायचं नाही, गाणं म्हणायचं. “हद्द पार त्या खारफुटीपर्यंत व्हती,” ते म्हणाले. “तुझ्या शाळेची फी त्याच मिठातून जायची. मंग तिथं तुला कशाला घेऊन जायचा? तू वर्गात बसावा म्हनून मी तिथं उभा व्हतो.”

एवढं तर मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्याही निवेदकाची नक्कल न करता व्यक्त होत होतो!

बाबा बोलायचे थांबले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग सावकाश वळून खारफुटीत बघितलं, टॉवरच्या भिंतीमागे डोकावले, स्कूटरची डिकीसुद्धा उघडून पाहिली, आणि दबक्या आवाजात विचारलं,

“कॅमेरा कुठं लावलास?”