मुका चुडा

समजा, तुम्हाला भाकरी थापायची आहे. काटवटीत तांदळाच्या पिठाची उकड मळून तयार आहे, चुलीवर तवा तापला आहे. तुमच्या दोन्ही हातांत काचेच्या सहा-सहा बांगड्या आहेत. आता थापायला लागा. मात्र प्रत्येक थापेबरोबर कुणीतरी तुमच्या कानाशी पत्र्यावर खिळा ओढणार. थाप मारली की खिळा, भाकरी फिरवली की खिळा. मधूनच सासू विचारणार, मीठ घातलंस का? जाऊ काहीतरी गमतीचं बोलणार आणि तुम्हाला वेळेवर हसावं लागणार. अशा वीस भाकरी करायच्या. तोंड वाकडं करायचं नाही, कारण तो खिळा तुमच्याशिवाय कुणालाच ऐकू येत नाही.

विठाबाईने अशा भाकरी चोवीस वर्षं थापल्या.

तिचं माहेर इंदुरीचं. चार वर्षांची होईपर्यंत ती बोलली नव्हती, आणि बोलली तेव्हा एकदम पुरं वाक्य बोलली. इंद्रायणीच्या काठी बसून ती गोटे मांडायची, लहानापासून मोठ्यापर्यंत. कुणी एक गोटा हलवला तर तेवढाच जागेवर ठेवून तिचं भागायचं नाही, सगळी रांग पुन्हा पहिल्यापासून लावायची. आई म्हणायची, पोर गुणाची आहे, पण आपल्यात नसते. चौदाव्या वर्षी लग्न झालं आणि ती आंदर मावळात आली, कुसूरच्या वाटेवरच्या एका वाडीत.

सासरी तिला तिच्या खरं बोलण्यानेच अडचणीत आणलं. घरातून निघणारा माणूस 'येतो' म्हणतो. जाणारा 'येतो' कसा, हे तिला उमजेना. ती सरळ 'जाते' म्हणायची आणि सासू कपाळावर हात मारून घ्यायची. बांगडी फुटली तर सवाष्ण बाई 'फुटली' म्हणत नाही, 'वाढली' म्हणते. विठाबाई खाली वाकून बघायची आणि सांगायची, फुटली, चार तुकडे झाले. सासूने रीत समजावली तेव्हा तिने ती मनापासून पाठ केली. पुढे पाटलांचा बैल मेला, त्या दिवशी ती घरी येऊन गंभीरपणे म्हणाली, "पाटलांचा बैल वाढला." वाडी आठ दिवस हसत होती. आपण काय चुकलो हे तिला कुणी सांगितलं नाही.

नवरा महिपती अबोल माणूस. भात लावावा, गुरं राखावी, संध्याकाळी ओट्यावर बसून तंबाखू मळावी. बायको तोंडाकडे बघून बोलत नाही, शेतावर जाताना रोज एकाच बांधावरून जाते, स्वतःची थाळी बदललेली तिला चालत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. सासू गेल्यावर भाकरी करताना ती बांगड्या उतरवून खुंटीला अडकवू लागली, तेही त्याने पाहिलं. पुढे पुढे त्या परत घालायच्या राहू लागल्या. गेल्या दोन वर्षांत तिचे हात मोकळेच होते. महिपतीने ओरडावं अशी वाडीची अपेक्षा होती. तो तंबाखू मळत राहिला.

एकोणीसशे सदतीस साली दिवाळी सरली आणि महिपतीला ताप भरू लागला. एक दिवसाआड हुडहुडी, मग आग, मग घाम. तीन आठवड्यांत माणूस अर्धा झाला. आता मोकळे हात सगळ्यांच्या डोळ्यांत खुपू लागले. नवरा जिवंत असताना रिकामे हात ठेवायचे म्हणजे त्याचं मरण मागायचं. धाकटी जाऊ शालूबाई पाणवठ्यावर म्हणाली, बाईनं आधीच तयारी करून ठेवलीया. भावकी बसली. महिपतीचा धाकटा भाऊ, शालूबाईचा नवरा दत्तोबा याने निर्णय सांगितला: येत्या अमावस्येपर्यंत वहिनीच्या हातात चुडा दिसला पाहिजे, नाहीतर तिला इंदुरीला भावाकडे कायमची पोचवायची.

विठाबाईने चुडा भरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गोठ्यामागे सापडली. कानांवर हात दाबून ती पुढे-मागे डुलत होती आणि हाकेला ओ देत नव्हती. बांगड्यांचे तुकडे शेणात पडले होते. आता देवऋषी आणायची भाषा सुरू झाली.

महिपतीला लोणावळ्याच्या डॉक्टरला दाखवायचं आधीच ठरलं होतं. विठाबाई त्याच्याबरोबर निघाली. वडगावपर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडी. डब्यात तिने पदराचे बोळे कानात घातले आणि सगळा वेळ खिडकीच्या गजाला घट्ट धरून बसली.

भांगरवाडीत डॉक्टर दिघ्यांचा दवाखाना होता. त्यांनी महिपतीच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, पोट चाचपलं, वाडीचं म्हणणं त्याच्याकडून ऐकून घेतलं, आणि हा हिवताप आहे, डासांमुळे येतो, बांगड्यांमुळे नव्हे, असं सांगून क्विनीनची बाटली दिली. महिपती उठला. विठाबाई त्याच्या जागेवर बसली.

"आता मला बगा," ती टेबलावरच्या दौतीकडे पाहत म्हणाली.

"तुम्हाला काय होतंय?"

"आवाज लागतो. बांगड्यांचा. भांड्यांचा. बायका एकदम बोलल्या की त्यांचा."

"कधीपासून?"

"पयल्यापासनं."

महिपती ओशाळला. "अगं, चाळिशी आली. आता कशाला?"

"गेली ती वर्सं गेली. ऱ्हायलेल्यांसाटी इचारते."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं असं म्हणतात, तरी तुम्ही विचारलं म्हणून सांगते, असं म्हणून तिने 'महिपती' सांगितलं. बाहेरच्या बाकावरच्या दोन बायांनी तोंडाला पदर लावला. डॉक्टरांनी तिला बोलू दिलं. उशिरा फुटलेली वाचा, गोटे, पाटलांचा बैल, सगळं. मग त्यांनी महिपतीला विचारलं, आणि उभ्या जन्मात बोलला नसेल इतकं तो बायकोबद्दल बोलला. डॉक्टरांनी आपलं खिशातलं घड्याळ तिच्या कानाशी धरलं आणि एकेक पाऊल मागे जाऊ लागले. दारापाशी पोचले तरी तिला टिकटिक ऐकू येत होती. तिला डोळे मिटायला सांगून त्यांनी मनगटावरून कापूस फिरवला; ती चटका बसल्यासारखी मागे झाली. मग तेच मनगट त्यांनी विचारून घट्ट धरलं. तिचे खांदे सैल झाले.

"हे वेड नाही," डॉक्टर म्हणाले, "आणि अंगात वारंही नाही. तुमचे कान आणि कातडी जास्त घेतात. मन एका वेळी एकच गोष्ट धरतं, पण पक्कं धरतं. तुमची घडण जन्मापासून अशीच आहे."

"ह्याला म्हनत्यात काय?"

"मला माझ्या पुस्तकांत याचं नाव सापडलेलं नाही."

"आनि औषद?"

"औषध नाही."

"नाव न्हाई, औषद न्हाई. मग बघून काय मिळालं?"

महिपतीने मान खाली घातली. डॉक्टरांना मात्र राग आला नाही. पाय आखूड असलेल्या माणसाला आपण औषध देत नाही, ते म्हणाले, त्याच्यासाठी पायरी बुटकी करतो. तशी सोय करता येते. तिला एका वेळी एकच काम सांगा. काय हवं ते सरळ शब्दांत सांगा, टोमण्यात नको. दमली की तिला गोठ्यात एकटी बसू द्या, मागे माणसं धाडू नका. आणि बांगड्यांची सक्ती करू नका. हे सगळं त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं.

चिठ्ठी शाळामास्तरांनी भावकीसमोर वाचली. दत्तोबा थोडा नरमला, कारण खाली सही आणि शिक्का होता. शालूबाई नरमली नाही.

"कागद काय मनगटात घालायचा?" ती म्हणाली. "दीर बरा झाल्याला मला नको हाय व्हय? पर हळदीकुंकवाला बाया हात बघत्यात, चिठ्ठी न्हाई बघत."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. अमावस्येला चार दिवस राहिले होते.

तिसऱ्या दिवशी मेहमुदा आली. वडगावची ही मण्यारीण खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून वाड्यावाड्यांवरून फिरायची. दोरीत ओवून करकचून बांधलेल्या शेकडो बांगड्या, पण डोंगर चढतानाही त्या वाजत नसत. विठाबाई लांबून त्या माळांकडे बघत उभी राहिली.

"ह्या का वाजत न्हाईत, मावशी?"

"वाजल्या तर फुटतील, आनि फुटल्या तर खाऊ काय?" मेहमुदा ओट्यावर टेकली. "हलायला जागा ठेवायची न्हाई. कांकनाला कांकन आपटलं न्हाई की आवाज कुटला?"

विठाबाई तिच्यासमोर बसली आणि तिने हात पुढे केला. "मग मला अशाच बांधून घाला."

मेहमुदाने आजवर हजारो हात भरले होते, पण असं मागणं पहिल्यांदाच ऐकलं. ती हसली नाही. तिने एक माप मोठ्या सहा हिरव्या बांगड्या निवडल्या, एकीवर एक ठेवल्या आणि हिरव्या सुताने विणत विणत त्यांचं एकच जाड कडं केलं. दुसऱ्या हाताचंही तसंच. हाताला तेल लावताना विठाबाई दचकली.

"हळू धरू नका," ती म्हणाली. "घट्ट धरा."

"बाकीच्या बाया हळू म्हनून वरडत्यात," मेहमुदा म्हणाली आणि तिने हात घट्ट धरला.

कडं सरकून मनगटावर बसलं. विठाबाईने हात हलवला. मग कानाशी नेऊन हलवला. मग आत जाऊन काटवटीत पीठ घेतलं आणि तोवर जमलेल्या घरच्यांसमोर एक भाकरी थापली. सुताच्या आत काच गप्प होती. ओट्यावर महिपती घोंगडी पांघरून बसला होता. त्याने तंबाखूची पिशवी बाहेर काढली, आजारी पडल्यापासून पहिल्यांदा.

"मुका चुडा," शालूबाई म्हणाली. पण तिने सूत बोटांनी बाजूला सारून आत खरी काच आहे ना, हे बघितलं, आणि दत्तोबाला मानेने हो म्हणून सांगितलं. इंदुरीचा विषय पुन्हा निघाला नाही. टोमणे चालूच राहिले. फक्त एवढं झालं की टोमणा मारून झाला की शालूबाई त्याचा सरळ अर्थही सांगू लागली, आणि त्यामुळे टोमण्याची मजा बरीच गेली.

पौषात महिपती हिंडू-फिरू लागला तेव्हा दोघं पुन्हा लोणावळ्याला गेली. डॉक्टरांनी त्याचं पोट तपासलं, आणि विठाबाईने त्यांच्या कानाशी हात नेऊन जोरात हलवला. डॉक्टर मोठ्याने हसले. ही सोय मला सुचली नसती, म्हणाले. तुम्ही गेल्यावर मी पुष्कळ विचार केला. माझ्या आजोळी एक गृहस्थ होते, आम्ही त्यांना तऱ्हेवाईक म्हणायचो. शिकताना माझ्या वर्गात एक मुलगा होता. मला वाटतं, अशी एक-दोन माणसं दर गावात असतील. विचारायला मात्र कुणी येत नाही.

परतताना आगगाडीत विठाबाईने पुन्हा खिडकीचा गज धरला. वडगावहून बैलगाडी निघाली तेव्हा तिची बोटं मांडीवर हलू लागली. ती वाडीतली घरं मोजत होती, मारुतीच्या देवळापासून ओळीने, आणि प्रत्येक घरातलं माणूस आठवत होती. कुणाशी न बोलता दिवसभर दोऱ्या वळणारा नथू. रोज एकाच दगडावर धुणं धुणारी, दुसरीने तो दगड घेतला की रडणारी रतनबाईची सून. पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसणारी दत्तोबाची धाकटी पोर. वाटेवरचं टाकवं गाव मागे पडलं तरी मोजणी संपली नव्हती.

"काय मोजतीस?" महिपतीने विचारलं.

"डाक्टर दर गावात एक-दोन म्हनले. एक मी झाले." ती बैलांच्या शिंगांकडे पाहत होती. "मग आपल्या वाडीत दुसरं कोन?"