भीत भीत चालवलेली फियाट

गोपाळरावांचं डावं अंग गेलं, तेव्हा शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी डॉक्टरांना विचारलं ते गाडीचं. चालता येईल का, हे नाही. क्लच दाबता येईल का, हे. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली आणि पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी प्रेमाबाईंनी ती पाहिली. पुढं आपल्यावर काय येणार, ते त्यांना तिथंच कळून चुकलं.

फियाट दुधी रंगाची, हिंगोली परभणी जिल्ह्यात होती त्या काळातली. तहसील कचेरीत कारकुनी करताना गोपाळरावांनी ती जुनीच घेतली आणि जिवापाड सांभाळली. दर गुरुवारी सकाळी तिच्यातून औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं, हा त्यांचा नेम. खरं तर दर्शन निमित्ताला होतं. खिडकीची तिकोनी काच उघडून वारा अंगावर घ्यायचा, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा दोन बोटांनी वरखाली करायचा, यातच त्यांचा जीव. परत आले की दिवसभर माणूस गुणगुणत असायचा.

आजारपणानंतर ते गुणगुणणं थांबलं. अंगणात झाकून ठेवलेल्या गाडीकडं तोंड करून बसायचे, हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. सहा महिने हे बघून शेवटी प्रेमाबाईच एके दिवशी म्हणाल्या, "मला शिकवा."

साठीला टेकलेली बाई, उभ्या जन्मात सायकलवरसुद्धा बसली नव्हती. रामलीला मैदानावर गोपाळराव शेजारच्या सीटवरून सांगायचे आणि त्या भीत भीत करायच्या. परवाना मिळाला, पण भीती काही हलली नाही. बुधवार आला की घास गोड लागायचा नाही. स्टिअरिंग धरलं की तळहात ओले. समोरून ट्रक आला की डोळे मिटावेसे वाटायचे. लेक जान्हवी पुण्याहून फोनवर सांगायची, आई, विकून टाका ती गाडी. प्रेमाबाई हो म्हणायच्या आणि गुरुवारी पुन्हा किल्ली घ्यायच्या. कारण गाव मागं पडलं, की शेजारून गुणगुणणं ऐकू यायचं.

आपल्याला भीती वाटते हे त्या सुरुवातीला बोलून दाखवायच्या. गोपाळराव हसायचे. "तुला तर उभ्या गाडीचं बी भ्या वाटतं," म्हणायचे. मग प्रेमाबाईंनी भीतीचं बोलणंच सोडलं.

दिवाळी सरल्यानंतरचा गुरुवार होता. घरातून निघतानाच प्रेमाबाईंना ब्रेक पायाखाली जरा मऊ लागला. चौकात पुन्हा तसंच. छाती धडधडायला लागली, पण ती तर दर गुरुवारी धडधडायची. भीतीमुळंच तसं लागत असेल, असं मनाशी म्हणत त्या पुढं निघाल्या. दुतर्फा हळदीची हिरवी रानं होती, ऊन कोवळं होतं आणि गोपाळरावांनी तिकोनी काच उघडली होती.

औंढ्याच्या अलीकडं उतार लागला. खाली वळणाशी मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता, सगळा रस्ता पांढराकाळा झालेला. प्रेमाबाईंनी ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. पुन्हा दाबला. पायाखाली काहीच नव्हतं.

"ब्रेक मार की," गोपाळराव म्हणाले.

"लागत न्हाई."

त्यांनी एकदा बायकोच्या तोंडाकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. हॅण्डब्रेक कधीचाच नावापुरता उरला होता. गाडी वेग घेत होती. मेंढरांच्या पाठी आता वेगवेगळ्या दिसायला लागल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध एक माणूस, खांद्यावर घोंगडी.

"क्लच दाब," ते म्हणाले. "स्टिअरिंग सोडू नको. गिअरचं मी बघतो."

प्रेमाबाईंनी क्लच दाबला. गोपाळरावांचा धड असलेला उजवा हात पुढं आला आणि त्यानं दांडा खालच्या गिअरात ओढला. "सोड, हळू." इंजिन किंचाळलं, गाडीला हिसका बसला, वेग थोडा तुटला. "पुन्हा दाब." पुन्हा हिसका. प्रेमाबाईंचा एक हात हॉर्नवर होता तो उठायला तयार नव्हता. मेंढक्यानं वर पाहिलं, म्होरक्या मेंढ्याला शिंगाला धरून बाजूला ओढलं आणि कळप दोन्हीकडं फुटला. मधल्या फटीतून फियाट गेली. दाराला लोकर घासल्याचं प्रेमाबाईंना जाणवलं. पुढं डावीकडं रानात जाणारी चढाची पांदण दिसली. त्यांनी स्टिअरिंग फिरवलं, गाडी दगडगोट्यांवरून धडपडत चढली आणि आचका देऊन बंद पडली. ती मागं सरकायच्या आत मेंढक्यानं धावत येऊन चाकाखाली धोंडा सारला.

प्रेमाबाईंना दार उघडता येईना, बोटंच वळेनात. मेंढक्यानं उघडलं. भुजंग त्याचं नाव. दोघांना पाणी दिलं, मेंढरं सगळी शाबूत हायेत म्हणून सांगितलं, आणि मग स्वतःच मटकन खाली बसला.

"सकाळपासूनच मऊ लागत होता," प्रेमाबाई म्हणाल्या.

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"तुमी हसले असते."

गोपाळरावांनी मान खाली घातली.

गाडी टेम्पोला बांधून हिंगोलीला आणली. मिस्त्री बाबूसिंगनं चाकं उघडून दाखवलं, ब्रेकचं रबर जुनं होऊन फाटलं होतं आणि तेल गळून गेलं होतं. त्यानं सगळं नवं बसवलं, हॅण्डब्रेकसुद्धा. तरी पुढचे किती तरी गुरुवार गाडी अंगणातच राहिली. मेंढरांच्या पाठी प्रेमाबाईंच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. गोपाळराव एका शब्दानं चला म्हणाले नाहीत. जान्हवीनं गिऱ्हाईक शोधलं, तेव्हा तेच म्हणाले, "गाडी तुझ्या आईची हाय, तिला विचार."

प्रेमाबाईंनी विचार केला. आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. भीती होती तितकीच होती; पण त्या उतारावर इंजिनाची थरथर दोघांच्या हातांतून एकाच वेळी धावली होती, तसं लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी काही झालं नव्हतं. गिऱ्हाइकाला त्यांनी नकार कळवला.

आता फाटकाबाहेर पडण्याआधी त्या ब्रेक दाबून बघतात आणि गोपाळराव विचारतात, "काय लागतंय पायाला?" त्या सांगतात. कधी घट्ट, कधी जरा ढिला, कधी नुसतंच भ्या वाटतंय. ढिला म्हणाल्या की गाडी आधी बाबूसिंगकडं जाते, मग औंढ्याला. उतार आला की प्रेमाबाईंचे तळहात अजून भिजतात. गोपाळराव गुणगुणणं थांबवतात आणि उजवा हात दांड्याजवळ नेऊन ठेवतात.