विमलताईंच्या चपला

कपाशी खांद्याला लागली की आमच्या गावाला दोघांची धास्ती असते, सापाची आणि विमलताईंची. बाभुळगाव तालुक्यातलं आमचं गाव लहान, त्यामुळे कोण कधी फवारणार हे ताईंना आधीच कळतं. पिशवीत मास्क, चष्मे, हातमोजे घेऊन त्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर हजर. तोंड न बांधता कुणी पंप पाठीवर घेतला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. आणि हे सगळं अनवाणी! बाभळीच्या काट्यांतून चार वर्षं अनवाणी. मी त्यांची शेजारीण, सांगून सांगून माझा घसा बसला.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी आभाळ भरून आलं होतं. फवारणी एका दिवसात उरकावी म्हणून ताईंनी दोन औषधं एकाच ड्रममध्ये कालवली. आमच्याकडे सगळेच कालवतात, दोन खेपांचं काम एका खेपेत होतं ना! त्यांचा सालगडी उकंडा याने ते फवारलं आणि संध्याकाळी तो धुऱ्यावरच कोसळला. सोळा दिवस यवतमाळला दवाखान्यात होता. जीव वाचला, डावा डोळा गेला. त्या दिवशी ताईंनी चपला सोडल्या. उकंडा अजून त्यांच्याकडेच आहे. दर पोळ्याला तो त्यांना घरी जेवायला बोलावतो आणि दर पोळ्याला ताईंचं डोकं दुखतं.

यंदा पोळ्याच्या आठवडाभर आधी वैष्णवीनं तेच केलं. लग्नाला वर्ष झालेली पोर. नवऱ्याला, ऋतिकला, तिनं दोन औषधं एकत्र करून दिली. त्याला गरगरायला लागलं तशी ओरड झाली. ताई धावल्या, वाटेत टाचेत काटा मोडला, लंगडत पोचल्या. तरी त्यांनीच त्याचे कपडे उतरवले, साबणानं अंग धुतलं आणि औषधाचे डबे सोबत देऊन त्याला गाडीत घातलं. तिसऱ्या दिवशी तो घरी आला.

वैष्णवी मात्र गोठ्यात बसून. खाईना, नवऱ्यासमोर जाईना. ताई तिकडे निघाल्या तेव्हा मला वाटलं, आता पोरीची धडगत नाही. म्हणून मीही मागोमाग गेले. ताईंनी वरणात भाकर कुस्करून तिच्यापुढे ठेवली.

"चूक तुह्या हातानं झाली, हे खरं हाय. ते इसरू नको. पन तू वाईट नाहीस, बाई. उपाशी राहून काय होते? खाय, अन् त्याच्यापाशी जाऊन बस."

वैष्णवीनं घास घेतला. मग ताईंच्या सुजलेल्या टाचेकडे बघत म्हणाली, "मंग काकू, तुमी काहून अनवानी?"

ताईंनी टाच लुगड्याखाली ओढून घेतली आणि त्या लंगडत घरी निघाल्या. 

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी उकंडा बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळत होता. वर्षभर जू ओढणाऱ्या खांद्यांची ही आमची माफी. ताई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"उकंडा, तुहा डोया माह्यानं गेला."

चार वर्षांत हे त्यांनी त्याला कधी म्हटलंच नव्हतं.

"हो, गेला," तो म्हणाला. त्याचा हात थांबला नाही. "पहिलं वरीस मले तुमचं तोंड पाहू वाटे नाही, ताई. मंग तुमी लोकायच्या वावरात फिराले लागल्या, तवा माहा राग गेला. पन अनवानी फिरल्यानं मले या डोयानं दिसाले लागलं का? उलट ऋतिकपाशी पोचाले तुमाले उशीर झाला."

ताई उभ्या उभ्या रडल्या. मीही रडले, लपवायचं कशाला?

उकंडानं रीतीप्रमाणे बैलांच्या कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग ताईंकडे वळला. "तुमी बी."

दुसऱ्या दिवशी पोळा फुटला, बैल घरोघर परतले, तेव्हा ताई त्याच्या घरी गेल्या. उंबऱ्यापाशी थांबल्या, वाकल्या आणि चपला काढून आत गेल्या.