फारोची आकडी आणि आप्पांची मेथी

मी शिरूरच्या कॉलेजात इतिहास शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी घोड नदीकाठच्या आमच्या चार एकरांत शेतकरी असल्याचं नाटक करतो. गेल्या उन्हाळ्यात ही दोन्ही सोंगं एकाच सकाळी उघडी पडली.

कांदा निघाला की आमच्याकडे रानात मेंढरं बसवतात. कळप दोन-चार मुक्काम करतो, रानाला लेंडीखत मिळतं आणि मेंढपाळाला आपण धान्य देतो. माझ्याकडे दरसाल एक मेंढपाळ येतात, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्या दिवसांत मी 'मेंढपाळ आणि राजा' या व्याख्यानाची तयारी करत होतो, म्हणून मामांना मोबाइलवर फारोचं चित्र दाखवलं. छातीवर दोन्ही हात, एका हातात वाकडी काठी, दुसऱ्यात आसूड. इजिप्तमध्ये राजाला प्रजेचा मेंढपाळ मानत, असं मी समजावलं. हिब्रू लोकांच्या पवित्र कवितेत तर देवच मेंढपाळ असतो, कळपाला संथ पाण्यावर नेतो, हेही सांगितलं.

"संथ पाण्यावरच न्यावं लागतं," मामा म्हणाले. "व्हात्या पाण्याला मेंढरू भितं. लिवणारा मेंढरामागं हिंडलेला दिसतोय." मग चित्र निरखून म्हणाले, "आन् ही तर आकडी हाय. बाभळीचा पाला पाडायची. ह्यो छातीला कवटाळून बसला तर मेंढरं खात्यात काय?"

अडाणी माणसाला प्रतीक कसं समजावणार, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू?

इतक्यात मामांना आजारी मेंढीचं औषध आणायला शिरूरला जावं लागलं. त्यांची माणसं पुढचं रान बघायला गेली होती.

"दोन तास बघाल का, सर? बांधाच्या पल्याड तेवढं जाऊ देऊ नका. आप्पांची मेथी हाय."

आप्पा गावातले वजनदार शेतकरी. ते एकदा नको म्हणाले, की पुढच्या साली मामांना गावात कुणीही रान देणार नव्हतं. हे मला पुरतं ठाऊक होतं.

तरी मामांची पाठ फिरताच मी त्यांनी मागे ठेवलेली आकडी छातीशी धरली, चेहरा फारोसारखा केला आणि व्याख्यानासाठी फोटो काढू लागलो. पहिल्या फोटोत माझ्या मागे मेंढरं होती. चौथ्या फोटोत नव्हती.

ती बांधापल्याड पोचली होती. मी आकडी उगारून धावलो, तशी मेंढरं मेथीत आणखी आत घुसली. वर्गातला ठेवणीतला आवाज काढून "शांत बसा!" असंही ओरडलो. तो आवाज वर्गातही चालत नाही.

मामा आले तेव्हा दोन वाफे साफ झाले होते. त्यांनी आकडी मागितलीसुद्धा नाही. कळपाच्या पुढे जाऊन जिभेनं टकटक केलं आणि मागे न बघता चालू लागले. तोंडात मेथी घेऊन सगळा कळप त्यांच्यामागे निघाला.

तेवढ्यात आप्पा बांधावर हजर. "कुणाची मेंढरं ही?"

"माझी, आप्पा," मामांनी हात जोडले. "चूक झाली. मी जाग्यावर नव्हतो."

माझं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. राजानं प्रजेसाठी पुढं व्हावं, हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलो आणि आता मेंढपाळाच्या आड उभा होतो. मला भयंकर लाज वाटली.

"आप्पा, राखणीला मी होतो," मी म्हणालो. "फोटो काढत होतो."

"कसला फोटो?"

दाखवावा लागला. आप्पांनी तो बराच वेळ पाहिला आणि पोट धरून हसले.

"मामा, तुमी येत जा दरसाल. तुमचा काय दोष?" मग माझ्याकडे वळले. "दोन वाफे तुमी सोता पेरून द्यायचे, सर. फोटो न काढता."

दुसऱ्या दिवशी मामा निघाले. रात्रीच जन्मलेलं एक ओलं कोकरू अजून चालत नव्हतं. मामांनी ते माझ्या हातात दिलं.

"सडकेपातूर आणा. एवढं जमंल तुमाला."

मी ते छातीशी धरलं आणि कळपाच्या शेवटी, त्यांच्यामागून चालू लागलो.