एकोणिसावा मजला

फुंग लाई-क्यून माझ्या दारात पहिल्यांदा आली ती नऊ सप्टेंबरला, सकाळी साडेदहाला. हातात छोटी हातोडी.

"ताई, तुमची समुद्राकडची भिंत वाजवून बघू?"

"भिंत म्हणजे काय ढोल आहे?"

"ढोल निघाली तरच पंचाईत," ती म्हणाली. हसली नाही.

चहा घेताना तिने सांगितलं. सव्वीस वर्षं ती कौलूनमधल्या बांधकामांवर होती. आमच्या इमारतीच्या भिंती कारखान्यातून तयार येत, क्रेन त्या एकावर एक बसवी. खालच्या मजल्याच्या सळया वरच्या भिंतीतल्या लोखंडी नळ्यांत शिरत. मग नळीच्या खालच्या भोकातून पातळ सिमेंट दाबायचं, वरच्या भोकातून बाहेर आलं की बूच मारायचं, म्हणजे दोन्ही भिंती एकमेकींना जखडल्या. हे काम लाई-क्यूनचं. एका मजल्यावर पंप तुंबला. क्रेन खोळंबली. मुकादम म्हणाला, "वरची भोकं बाहेरून लिंपून टाक. आत कोण बघायला जातंय?"

तिने लिंपली.

"सोळा नळ्या, ताई. आत नुसती हवा. एकोणिसावा मजला."

मी एकोणिसाव्यावर राहते. सहा वर्षं माझा पलंग त्याच भिंतीला टेकलेला.

तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भिंत ठोकली. सगळीकडे भरीव, मुका आवाज. मला हायसं वाटलं, तिचा चेहरा मात्र पांढरा पडला.

"ही भरलेली आहे. मी तर भरली नाही. मग कुणी भरली?"

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तिसऱ्याही. भिंतीला कान लावून उभी राही. "ताई, ते रिकामं गेलं कुठे?"

तिची मुलगी चिंग-लाम याच इमारतीत बाविसाव्यावर राहायची. "ती एकोणिसावाच घेत होती. मीच अडवलं. म्हटलं, वर जा, हवा चांगली."

"म्हणजे मुलीला वाचवलंत आणि मला ठेवलंत!"

"तेव्हा तुम्ही माझ्या कोण होता?"

चौथ्या दिवशी दुपारी वादळी वाऱ्याचा इशारा लागला. ती माझ्याकडेच होती, तेवढ्यात लामचा फोन आला. "आई, भिंत परत शीळ घालतेय. बाळ झोपत नाही. सासूबाई उदबत्त्या लावून दमल्या."

"खिडकीची फट असेल," लाई-क्यून म्हणाली.

आम्ही दोघी वर निघालो. लिफ्टमध्ये रोजची बटणं. तीननंतर पाच. बारानंतर पंधरा. अशुभ आकड्यांची घरं इथे कुणी घेत नाही, म्हणून ते आकडेच गाळलेले.

मी विचारलं, "काम चालू असताना चौथा मजला मोजायचात?"

"मोजणार नाही तर काय? मजला तो मजलाच."

मग तिचीही नजर बटणांवर गेली. ती बोटांवर खालून मोजू लागली. चौथा, तेरावा, चौदावा धरून. एकोणीस झाले तेव्हा लिफ्टचं दार उघडलं होतं. समोर बावीस लिहिलेलं.

घरात पाळण्यामागून आवाज येत होता, बाटलीच्या तोंडावर कुणी हळूच फुंकावं तसा. लाई-क्यूनने हातोडी काढलीच नाही. भिंतीवर तळवा ठेवला, तो खाली सरकवत नेला, आणि मुलीला सगळं सांगितलं.

लामने बाळ उचललं. "एकोणिसाव्यावरच निघालं असतं, तर सहा वर्षं गप्प बसलीस तशी आणखी बसली असतीस ना?"

ती माझ्या भिंतीसाठी आली होती, हे मला सांगता आलं असतं. पण सहा वर्षांनी आली होती.

लाम बाळाला घेऊन सासूबरोबर निघून गेली. लाई-क्यूनने इमारत खात्याला अर्ज माझ्या हातून लिहवला.

"मुकादमाचं नाव?"

"तो वारला. नळ्या मी लिंपल्या. माझं लिहा."

दोन दिवस ती त्या रिकाम्या घरात भिंतीला पाठ लावून बसली. वारा वाढला की पाय जमिनीत रोवायची. तपासनीस आले, बाजूला व्हा म्हणाले.

"आधी टेकू लावा," ती म्हणाली. "मग उठते."