एका मताने पडलेले जज्जसाहेब
जायफळाच्या कॉफीचा वास आला की मला न्यूनेन या आमच्या डच गावातले जज्जसाहेब आठवतात. दहाएक वर्षांपूर्वी ते तालुका कोर्टातून निवृत्त होऊन मुलाकडे आले आणि आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभे राहिले. प्रचाराला सायकलवरून घरोघर जात. माझ्याकडे कॉफी पिताना म्हणाले, "अहो, जज्जाला नेमतात, निवडून कोणी देत नाही. एकदा तरी निवडून यायचंय." मी शब्द दिला. मग मतदानाआधीच्या भाषणात त्यांनी जाहीर केलं, "गणपतीची आरती साडेदहा म्हणजे साडेदहाला. नंतर दार बंद!" आमचं कुटुंब साडेअकराच्या आत कधी पोचलेलंच नव्हतं. मी चिठ्ठीवर दुसरं नाव लिहिलं. साहेब एका मताने पडले. मतदान झालं त्या शाळेच्या हॉलमध्ये, ओल्या रेनकोटांच्या वासात, सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो, "अन्याय आहे हा! फेरमोजणी करा!" साहेबांनी चष्मा पुसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "बसा. तीस वर्षं साक्षी ऐकल्यात मी. खोटा साक्षीदार फार तावातावाने बोलतो." ही कबुली आज पहिल्यांदाच देतोय. तेव्हापासून आरतीला मी सव्वादहालाच हजर असतो. दार उघडायलासुद्धा कोणी आलेलं नसतं.