दादाची टोपी

हे मी आजवर कुणालाच बोललेलो नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर माझ्या पोटातल्या गॅसचीसुद्धा खबर असते. तुम्ही लांबचे आहात, झाशीत तुमचं येणंजाणं नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतो.

आमच्या घराण्यात किस्से सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. पूर्वज महाराष्ट्रातून इथे कारकुनी करायला आले, इतक्या पिढ्या गेल्या, आणि मी अजून एका सरकारी कचेरीत कारकुनीच करतो — घराण्याची परंपरा कुणीतरी राखायला हवी. पण मुंज असो, बारसं असो, जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणतंच, "बाळूभैया, वो बैंडवाला सुनाओ।" आणि मी सुनावतो. पंचवीसेक वर्षं सुनावतो आहे.

किस्सा असा. माझा थोरला भाऊ — आमचा दादा — लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुण्यांना मात्र 'प्रायव्हेट नोकरी' असं सांगायची पद्धत होती. एका संध्याकाळी ओरछा गेटापाशी वरात, वरातीत मी, आणि समोर लाल कोटात दादा. मला बघताच त्यानं टोपी नाकापर्यंत ओढली आणि ढोलवाल्याच्या मागे दडला. मी "दादा, दादा" करत मागे, तो पुढे, सूर एकीकडे, नवऱ्याची घोडी भलतीकडे. इथे मी उठून दादाची चाल करून दाखवतो. लोक पोट धरून हसतात.

दादाला जाऊन नऊ वर्षं झाली. त्याची मुलगी मुक्ता बावीस वर्षांची आहे आणि रॅप करते. हिप-हॉपचा तिघांचा ग्रुप — ती, जवळच्या मोठ गावचा दीपू आणि प्रेम नगरचा फैज़ान. तालीम आमच्या वरच्या खोलीत, चहा माझ्याकडून. त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये गाड्या होत्या, बंदुका होत्या, दुश्मन होते. प्रत्यक्षात तिघांत मिळून एक स्कूटी. आणि दुश्मन म्हणाल तर खालच्या मजल्यावरचे शर्माजी, जे आवाज कमी करा म्हणायचे. मी हसायचो.

नव्या अल्बमच्या वेळी मात्र काहीतरी बदललं. दीपूनं मोठच्या गल्लामंडीत धान्याची बोली लावणाऱ्याचा आवाज फोनवर भरून आणला आणि त्यावर आपल्या बुंदेलीत चार ओळी म्हटल्या. तिघांनी ते पुन्हा पुन्हा वाजवून ऐकलं. त्या दिवशी त्यांनी तयार असलेली सगळी गाणी पुसून टाकली आणि नियम केला — आपापल्या घरात खरंच घडलं तेवढंच गायचं. फैज़ाननं आईच्या शिलाई मशीनचा ठेका बांधला. यमकासाठी ओढून आणलेले शब्द गळत गेले. आणि मी, हसणारा मी, जिन्यात बसून ऐकायला लागलो.

मुक्ताला मराठी समजतं, बोलताना अडखळते. एक दिवस म्हणाली, "काका, बाबांचा तो बैंडवाला किस्सा परत सांगा ना. नीट. हसवू नका."

हसवू नका — मग त्यात उरतं काय? मी विनोद काढून सांगितला. उरला तो एक माणूस, ज्याला स्वतःच्या वाद्याची लाज वाटते आणि जो सख्ख्या भावापासून तोंड लपवतो. तिनं त्यावर गाणं लिहिलं. अर्धं हिंदी, अर्धं तिचं मोडकं मराठी. त्यात ती बापाला विचारते, ज्या बोटांना धरून मी चालायला शिकले त्या बोटांचं काम तुम्ही का लपवलंत? तुम्ही लपलात, म्हणून मीही शाळेत लपवलं. अल्बममधलं सगळ्यात खरं गाणं, असं फैज़ान म्हणाला. मीही म्हणालो.

फक्त दीपूला कुठेतरी खटकत होतं. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी चहाचे ग्लास ठेवायला तो स्वयंपाकघरात आला आणि हळूच म्हणाला, "काका जू, एक बात बताओ। बाजे पे तो दोई हाथ रत। टोपी कौन हाथ से खेंची?"

क्लॅरिनेटला दोन्ही हात लागतात. पंचवीस वर्षांत एकाही श्रोत्याच्या डोक्यात हे आलं नव्हतं. गाणं अजून कच्चं होतं. तेव्हा बोललो असतो तर बदललं असतं. मुक्ता वरच होती, पंधरा पायऱ्यांवर. मी म्हणालो, "टोपी बड़ी थी, बेटा। अपने आप नीचे आ गई।" त्यानं मान हलवली. वर जाऊन मुक्ताला सांगितलं. तिनं ती ओळ गाण्यात घातली.

आता खरं सांगतो. किती वळसे घातले मी, बघितलंत ना?

दादा लपला नव्हता. मला नोकरी लागून चार महिने झाले होते आणि वरात आमच्या साहेबांच्या मुलाची होती. दादानं मला पाहिलं. क्लॅरिनेट ओठांत असताना हसता येत नाही, म्हणून त्यानं भुवया उंचावल्या. गाणं संपलं तसा दोन पावलं पुढे येऊन म्हणाला, "बाळू, नीट जेवून जा हं. पनीर चांगलं आहे इथलं." साहेबांनी वळून विचारलं, "पहचानते हो इसे?"

मी म्हणालो, "नहीं साहब। बैंडवाला है।"

तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. आमच्याकडे वरातीत नवऱ्यावरून नोट ओवाळून बँडवाल्याला देतात. मी दहाची नोट काढली, नवऱ्यावरून ओवाळली आणि दादापुढे धरली. तो नोटेकडे बघत राहिला. मग बँडवाले घेतात तशी घेतली, कपाळाला लावली, "मेहरबानी, बाबूजी," म्हणाला, आणि पुढचं गाणं सुरू केलं.

काही दिवसांनी घरी पाहुणे जेवायला होते. त्यांतल्या एकानं वरातीत आम्हा दोघांना पाहिलं होतं. त्यानं विषय काढला. मी घाबरलो आणि तिथल्या तिथे तो किस्सा रचला. दादा समोरच जेवत होता. सगळे हसले. वहिनींनी मात्र न पटल्यासारखं दादाकडे पाहिलं. दादा ताटातून मान वर न करता म्हणाला, "टोपी मोठी होती रे. आपोआप खाली आली."

माझं खोटं उघडं पडत होतं, ते त्यानं सावरून घेतलं. आणि मी तेच त्याचे शब्द त्याच्या मुलीच्या गाण्यात, त्याच्याच विरुद्ध, घालू दिले.

गेल्या महिन्यात अल्बम आला. छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. मुक्ता माइकवर म्हणाली, "यह गाना मेरे पापा के लिए, जो छुप गए। और काका के लिए, जिन्होंने उन्हें सबके सामने आवाज़ दी।" मला स्टेजवर बोलावलं. मी गेलो. त्यांनी मला शाल घातली, ती खांद्यावरून घसरू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.

परतताना वहिनी गाडीत मागे बसल्या होत्या. म्हणाल्या, "तो लाल कोट ते स्वतः इस्त्री करायचे. मला वाटायचं, त्यांना अभिमान आहे."

मी म्हणालो, "वरवर असायचा, वहिनी."

हे ज्या मासिकात छापून येईल, ते आमच्या घरी येत नाही. ते मी आधी पाहून घेतलं. मुक्ता हिंदी भराभर वाचते, मराठीच्या चार ओळी झाल्या की कंटाळून बाजूला ठेवते. हे मराठीत लिहायला बसलो, तेव्हा मला ते माहीत होतं.